कर्जाच्या अटी बदलल्यानंतर जामीनदार कुठवर बांधील? तपासणीपासून नोटिशीच्या उत्तरापर्यंत

जामीनदाराच्या हाती बँकेची किंवा पतसंस्थेची मागणी नोटीस पडते, तोवर त्याने ज्या कर्जासाठी सही केली होती ते कर्ज बऱ्याचदा ओळखू येण्यापलीकडे बदललेले असते. मध्यंतरी लिमिट (कर्ज उचलण्याची मर्यादा) वाढलेली असते, हप्त्यांची पुनर्रचना झालेली असते, एखादे तारण सोडून दिलेले असते आणि यांतले काहीही त्याला कोणी कळवलेले नसते. अशा वेळी ‘मी याला संमती दिलीच नव्हती’ हे त्याचे म्हणणे टिकेल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते: बदल नेमका कोणता होता, तो कोणत्या तारखेला झाला, आणि हमीपत्रात किंवा नंतरच्या एखाद्या कागदावर त्याची संमती आधीच देऊन झाली आहे का. ही तपासणी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या आधारे क्रमाक्रमाने कशी करावी, ते पुढे मांडले आहे.

एक गैरसमज मात्र आधीच दूर करायला हवा. ‘प्रथम कर्जदाराची मालमत्ता विका, मग माझ्याकडे या’ असे जामीनदाराला म्हणता येत नाही. कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की धनकोने, म्हणजे कर्ज देणाऱ्याने, आधी कर्जदाराविरुद्धचे सगळे उपाय संपवावेत अशी सक्ती नाही. म्हणून बचाव शोधायचा तो अटींमधील बदलांत आणि तारणाच्या हाताळणीत.

पहिला टप्पा: कागद गोळा करणे

बहुतेक जामीनदारांकडे स्वतःच सही केलेल्या हमीपत्राची प्रत नसते, आणि पुढची सारी अडचण इथूनच सुरू होते. बँकेला लेखी अर्ज करून, अर्जाची पोच घेऊन, पुढील कागदांच्या प्रती मागाव्यात: हमीपत्र, मूळ मंजुरीपत्र, कर्जकरार, पहिल्या उचलीपासूनचा संपूर्ण खातेउतारा, त्यानंतरची प्रत्येक सुधारित मंजुरी किंवा नूतनीकरणपत्र, पुनर्रचनेचा करार, तारणाचे दस्तऐवज आणि बाकीची कबुलीपत्रे. तोंडी विचारणेचा पुढे काहीच पुरावा राहत नाही. बँकेने प्रती दिल्या नाहीत तरी अर्ज आणि त्याची पोच जपून ठेवावी, कारण प्रकरण न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात गेले की तेच कागद हजर करण्याची मागणी रीतसर करता येते. कर्ज-परतफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आपण ज्या कर्जाचे जामीनदार आहोत ते कर्ज त्यात कोणत्या रकमेने आणि कोणत्या स्थितीत दाखवले आहे, हेही पाहावे. अनेकांना वाढलेल्या लिमिटचा पत्ता पहिल्यांदा तिथेच लागतो.

दुसरा टप्पा: हमीपत्र वाचणे

कायद्याची कलमे नंतर पाहावीत. आधी हमीपत्र वाचावे, आणि तेही हातात पेन्सिल घेऊन. त्यात चार गोष्टी शोधायच्या असतात.

हमीला रकमेची मर्यादा आहे का, आणि ती मुद्दलापुरती आहे की व्याज व खर्च तिच्या वर धरले आहेत, ही पहिली. हमी एकाच कर्जापुरती आहे की कलम १२९ मधल्या अर्थाने अखंड, म्हणजे व्यवहारांच्या मालिकेला लागू होणारी आहे, ही दुसरी. जामीनदार कोणत्या कर्जाला जामीन आहे त्याचे वर्णन किती नेमके आहे, ही तिसरी: ‘अमुक तारखेच्या मंजुरीपत्रान्वये दिलेले मुदत कर्ज’ असे लिहिले आहे, की ‘कर्जदाराची आजची व यापुढची सर्व देणी’ असे मोघम शब्द आहेत?

चौथी गोष्ट बहुतेक प्रकरणांचा निकाल ठरवते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ द्यावा. छापील हमीपत्रात बहुधा असे एक कलम असते की, बँकेने जामीनदाराला न कळवता कर्जाच्या अटी बदलल्या, मुदत वाढवली, तारण सोडले किंवा तडजोड केली तरी जामीनदाराची जबाबदारी कायम राहील आणि करार अधिनियमाने त्याला दिलेले हक्क तो सोडून देत आहे. अटींतील बदल किंवा मुदतवाढ यांबाबत कायद्याचे संरक्षण ‘जामीनदाराच्या संमतीविना’ केलेल्या कृतीपुरते आहे. संमती आगाऊ देता येते आणि अशा आगाऊ संमतीला न्यायालये सामान्यपणे मान देतात. सीता राम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००८ च्या प्रकरणात तर हमी मागे घेण्याचा कलम १३० मधला हक्कसुद्धा हमीपत्रातील शब्दांमुळे जामीनदाराने गमावला, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

तरीही असे कलम दिसताच हात टेकू नयेत. जामीनदाराने जेवढे पत्करले त्यापलीकडे त्याला नेता येत नाही, हे हमीच्या करारांचा अर्थ लावण्याचे जुने सूत्र आहे. त्यामुळे आगाऊ संमतीचे शब्द मोजूनमापून वाचावेत. ‘अटींत बदल’ करण्याला दिलेली संमती ही नवे, स्वतंत्र कर्ज देण्याला दिलेली संमती ठरते का? मुदत वाढवण्याला संमती असेल, पण लिमिट वाढवण्याचा उल्लेखच नसेल, तर? ‘तारण सोडल्यास’ असे लिहिले असेल, तर निष्काळजीपणाने तारण गमावणे त्यात बसते का? जी गोष्ट शब्दांत बसत नाही, तिच्यापुरते कायद्याचे संरक्षण शिल्लक असल्याचे म्हणणे मांडता येते.

तिसरा टप्पा: तारखांचा तक्ता आणि प्रत्येक बदलाची कसोटी

आता एका कागदावर तारखांच्या क्रमाने प्रत्येक घटना लिहावी: हमीची सही, पहिली उचल, लिमिटमधली वाढ, व्याजदरातील बदल, मुदतवाढ, तारणाची अदलाबदल, सहजामीनदाराची सुटका, खाते अनुत्पादक (थकीत) जाहीर झाल्याची तारीख. प्रत्येक घटनेसमोर त्या दिवशीची बाकी, बदलाचा कागद आणि त्यावर आपली सही आहे की नाही, हे नोंदवावे. पुढे वकिलाला हाच तक्ता सर्वात उपयोगी पडतो.

अटींतील बदल. कलम १३३ सांगते की, कर्जदार आणि धनको यांच्यातील कराराच्या अटींत जामीनदाराच्या संमतीविना बदल केल्यास, त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मुक्त होतो. बदल किती लहान असला तरी चालतो, याचा अंदाज कायद्यानेच दिलेल्या एका उदाहरणावरून येतो: धनको १ मार्चला ५,००० रुपये कर्ज देण्याचे ठरवतो, तिसरी व्यक्ती परतफेडीची हमी देते आणि धनको ती रक्कम १ जानेवारीलाच देऊन टाकतो. जामीनदार मुक्त होतो, कारण ठरल्यापेक्षा आधीच कर्जदारावर दावा लावण्याची शक्यता निर्माण झाली. इंग्लंडमध्ये १८७८ साली होम विरुद्ध ब्रन्सकिल या खटल्यातही कठोर दृष्टी दिसली होती. ७०० मेंढ्यांच्या कळपासह खंडाने दिलेल्या शेतातला एक तुकडा परत घेऊन खंड १० पौंडांनी कमी केला गेला. ज्यूरीच्या मते हा बदल महत्त्वाचा नव्हता, तरी जामीनदाराला विचारले नाही म्हणून तो मुक्त झाला. बदल उघडच किरकोळ किंवा जामीनदाराच्या फायद्याचा असेल तर मात्र चित्र वेगळे असते. एम. एस. अनिरुद्धन विरुद्ध थॉमकोज बँक या १९६३ च्या निकालात हमीपत्रावरील २५,००० हा आकडा कर्जदाराने खोडून २०,००० केला होता. जामीनदाराचा बोजा त्यामुळे कमीच झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्याची जबाबदारी कायम ठेवली.

करारातच ज्याची तरतूद आहे ते घडले, तर तो बदल ठरत नाही. तरत्या (संदर्भदराबरोबर बदलणाऱ्या) दराच्या कर्जात संदर्भदर वाढून हप्ता वाढला, तर तो मूळ अटीचाच अंमल आहे. याउलट, स्थिर दराचे कर्ज जामीनदाराला न विचारता तरत्या दरावर नेले, तर तो उघड बदल होय.

आता एक मुद्दा, जो माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. कॅश क्रेडिटसारख्या चालत्या खात्यात, म्हणजे मर्यादेत राहून पैसे पुन्हा पुन्हा उचलायच्या व भरायच्या खात्यात, बदलाच्या दिवशीची बाकी पाहणे पुरेसे नसते. त्यानंतर जमा झालेला पैसा कोणत्या देण्यात वळता झाला, हे पाहावे लागते. समजा, लिमिट १० लाखांची होती आणि ती जामीनदाराला न विचारता १५ लाख केली गेली. त्या दिवशी बाकी ७ लाख होती. नंतर खात्यात एकूण ९ लाख जमा झाले, १३ लाख उचलले गेले आणि आज बाकी ११ लाख आहे. वरवर पाहता जामीनदाराला वाटते की आपण बदलाआधीच्या ७ लाखांना तरी बांधील आहोत. पण जमा रक्कम कशापोटी आहे ते कर्जदाराने सांगितले नसेल (कलम ५९) आणि बँकेनेही ती विशिष्ट देण्यात वळवली नसेल (कलम ६०), तर कलम ६१ नुसार ती काळाच्या क्रमाने, म्हणजे सर्वात जुन्या देण्यात आधी वळती होते. चालत्या खात्याबाबत हेच तत्त्व १८१६ च्या क्लेटन खटल्यापासून ओळखले जाते. या हिशेबाने जुने ७ लाख कधीच फिटले. आजची ११ लाखांची सगळी बाकी बदलानंतरच्या उचलीची आहे आणि संमती नसेल तर जामीनदार तिला बांधील नाही, असा युक्तिवाद उभा राहतो. हमीपत्रात ‘अंतिम बाकीची हमी’ असे शब्द असतील, किंवा बँकेने जुने खाते गोठवून नवे उघडले असेल, तर हा युक्तिवाद कमकुवत होतो. म्हणूनच पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा मागवायचा असतो.

पूर्ण उचललेल्या मुदत कर्जात कलम १३३ चा उपयोग मर्यादित असतो, कारण बँक म्हणते की बदलानंतर नवा व्यवहारच झालेला नाही. तिथे पुढचे कलम अधिक कामाचे ठरते.

मुदतवाढ आणि तडजोड. कलम १३५ नुसार, धनकोने कर्जदाराशी करार करून तडजोड केली, मुदत देण्याचे किंवा दावा न लावण्याचे वचन दिले, तर त्याला मान्यता न देणारा जामीनदार मुक्त होतो. इथे कळीचा शब्द ‘करार’ हा आहे. बँकेने नुसती वाट पाहिली, उशिरा आलेले हप्ते घेतले, दावा लावायला वर्षभर लावले, तर कलम १३७ प्रमाणे जामीनदार सुटत नाही. मुदतवाढीचा करार कर्जदाराऐवजी तिसऱ्याच व्यक्तीशी झाला, तरीही कलम १३६ मुळे सुटका नाही. हप्ते नव्याने आखून देणारा, दोन्ही पक्षांना बांधणारा पुनर्रचना करार असेल तर मात्र कलम १३५ लागू होऊ शकते. त्यामुळे ‘बँकेने सवलत दिली’ असे मोघम न लिहिता पुनर्रचनेचे पत्र, त्यावरील सह्या आणि नवे परतफेड वेळापत्रक दाखवावे.

कर्जदाराची सुटका. जुन्या कराराच्या जागी नवा करार आला (कलम ६२) किंवा धनकोने कर्जदाराला मुक्त केले (कलम १३४), तर जामीनदारही सुटतो. जुने कर्ज नव्या कर्जातून फेडून खाते बंद केले असेल, तर नव्या कर्जासाठी आपली नवी सही आहे का, एवढेच पाहावे. कर्जदाराची सुटका कायद्याच्या अंमलामुळे झाली असेल, तर मात्र जामीनदाराला तिचा लाभ आपोआप मिळत नाही. ललित कुमार जैन विरुद्ध भारत सरकार या २१ मे २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दिवाळखोरी संहितेखाली कंपनीची निराकरण योजना मंजूर झाली एवढ्यानेच संचालकांची वैयक्तिक हमी संपत नाही. कंपनीचे कर्ज निम्म्यावर आले म्हणून आपण सुटलो, असे समजणाऱ्या लघुउद्योजकांनी हे विसरू नये.

तारण. कलम १४१ नुसार, हमी देताना धनकोकडे कर्जदाराचे जे तारण होते त्याचा लाभ जामीनदाराला मिळायला हवा, मग ते तारण असल्याचे त्याला ठाऊक असो वा नसो. धनकोने ते गमावले किंवा संमतीविना सोडले, तर तारणाच्या किमतीइतका जामीनदार मुक्त होतो. स्टेट बँक ऑफ सौराष्ट्र विरुद्ध चित्तरंजन रंगनाथ राजा या १९८० च्या प्रकरणात बँकेच्या निष्काळजीपणामुळे तारण माल नाहीसा झाला आणि त्याचा लाभ जामीनदाराला मिळाला. म्हणून तारण मालाचे साठापत्रक, बँकेच्या तपासणीचे अहवाल, विमा चालू होता का आणि कंपनीच्या मालमत्तेवरील बोजाची नोंदणी झाली का, हे सर्व तपासावे. कलम १३९ याच विचाराचा विस्तार आहे: धनकोच्या कृतीने किंवा कर्तव्यच्युतीने जामीनदाराचा कर्जदाराविरुद्धचा उपाय कमजोर झाला, तर तो मुक्त होतो. कायद्यातल्या उदाहरणात जहाजबांधणीचे शेवटचे दोन हप्ते काम त्या टप्प्यावर येण्याआधीच दिले जातात आणि जामीनदार सुटतो. बांधकामाच्या प्रगतीनुसार द्यायच्या कर्जाचे हप्ते प्रगती न पाहताच दिले असतील, तर हे उदाहरण उत्तरात जरूर वापरावे.

सहजामीनदार. धनकोने एका सहजामीनदाराला सोडले तरी कलम १३८ प्रमाणे बाकीचे सुटत नाहीत. सोडलेला मात्र बाकीच्यांना आपला वाटा देण्यास बांधील राहतो.

चौथा टप्पा: आपण स्वतः काय केले?

हा टप्पा नकोसा वाटतो, पण तो टाळला तर उलटतपासणीत सगळे उघडे पडते. नूतनीकरणाच्या वेळी कोणी घरी येऊन ‘फक्त एक सही हवी आहे’ म्हणून कागद पुढे केला होता का? बाकीच्या कबुलीपत्रावर आपली सही आहे का? लिमिट वाढल्याचे पत्र मिळूनही आपण गप्प राहिलो का, किंवा त्यानंतर हप्ते भरले का? यांपैकी काही केले असेल तर बँक त्यातून संमती दाखवू पाहणार. नात्याखातर जामीन राहिलेली माणसे नात्याखातरच पुढच्या सह्याही करत जातात, आणि पहिल्या हमीपत्रातील पळवाट दुसऱ्या सहीने बुजते, याचे मला फार वाईट वाटते. जे केले असेल ते वकिलापासून लपवू नये.

पाचवा टप्पा: लेखी हरकत आणि हमी मागे घेणे

बदल लक्षात येताच, मागणी नोटिशीची वाट न पाहता पत्र पाठवावे. मजकूर साधा असावा: ‘अमुक तारखेच्या हमीपत्रान्वये मी तमुक कर्जास जामीन आहे. अमुक तारखेस सदर कर्जाची मर्यादा माझ्या संमतीविना वाढवण्यात आल्याचे मला आज समजले. या बदलास माझी संमती नव्हती व नाही. बदलानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी मी अमान्य करतो. माझे इतर सर्व हक्क राखून ठेवले आहेत.’ देणे किती आहे याची कबुली त्यात चुकूनही देऊ नये.

हमी अखंड स्वरूपाची असेल, तर कलम १३० नुसार भावी व्यवहारांपुरती ती नोटीस देऊन मागे घेता येते. हमीपत्रात ठरावीक मुदतीची नोटीस सांगितली असेल तर ती पाळावी. जामीनदाराच्या मृत्यूनंतरही, विरुद्ध करार नसेल तर, भावी व्यवहारांपुरती हमी संपते (कलम १३१). झालेल्या देण्याची जबाबदारी मात्र वारसांना मिळालेल्या मिळकतीवर राहते, म्हणून वारसांनी बँकेला मृत्यूची लेखी सूचना ताबडतोब द्यावी.

सहावा टप्पा: नोटीस आल्यावर

मुद्दा कितीही भक्कम असला तरी मुदत चुकली तर तो ऐकून घेणारे कोणी राहत नाही. बँकांना तारण मालमत्ता ताब्यात घेऊन वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस ६० दिवसांची असते. जामीनदारही त्या कायद्यात कर्जदाराच्या व्याख्येत येतो. या ६० दिवसांत लेखी हरकत दिली, तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणे बंधनकारक आहे. ताबा घेण्यासारखी कारवाई झाल्यास कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला ४५ दिवस मिळतात. न्यायाधिकरणाचे समन्स आल्यास लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. संक्षिप्त दाव्यात तर १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते. दिवाळखोरी संहितेखालील वैयक्तिक जामीनदाराला दिलेली मागणी नोटीस १४ दिवसांची असते.

महाराष्ट्रातील सहकारी बँक किंवा पतसंस्था असेल, तर सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली थेट वसुली दाखला मागितला जातो. ती चौकशी संक्षिप्त असते, आणि दाखला निघाल्यावर पुनरीक्षण अर्ज दाखल करून घेण्यासाठी वसूलपात्र रकमेच्या निम्मी रक्कम संस्थेकडे भरावी लागते. त्यामुळे निबंधकांसमोरच्या पहिल्या तारखेलाच तारखांचा तक्ता, बदलाचे कागद आणि लेखी म्हणणे दाखल करावे; ‘पुढे अपिलात बघू’ हा विचार इथे महागात पडतो.

उत्तरात मुद्द्यांचा क्रम असा ठेवावा: हमीची व्याप्ती, संमतीविना झालेला बदल आणि त्याची तारीख, त्या तारखेची बाकी व नंतरच्या जमा रकमांचा हिशेब, मुदतवाढीचा करार, गमावलेले तारण व त्याची किंमत, आणि शेवटी मुदतबाह्यतेचा, म्हणजे दावा लावण्याची कायदेशीर मुदत संपल्याचा, मुद्दा. मागणी करताच देय असलेल्या हमीत मुदत मागणी नाकारल्यापासून मोजली जाते, असे सिंडिकेट बँक विरुद्ध चन्नवीरप्पा बेलेरी या २००६ च्या निकालात म्हटले आहे. कर्जदाराविरुद्धची बाब आधीच मुदतबाह्य झाली असेल तर मात्र नव्या मागणीने ती जिवंत होत नाही.

पैसे भरावेच लागले, तर

भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती ‘जामीनदार म्हणून भरणा’ अशा शब्दांत घ्यावी. संपूर्ण देणे फेडल्यावर कलम १४० नुसार धनकोचे कर्जदाराविरुद्धचे हक्क जामीनदाराकडे येतात, कलम १४५ नुसार योग्य रीतीने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करता येते आणि कलम १४६ नुसार सहजामीनदारांकडून समान वाटा मागता येतो. तारणाचे दस्तऐवज बँकेने कर्जदाराला परत देण्याआधीच तिला लेखी कळवावे की त्यांवर आता आपला हक्क आहे.

आणि पुनर्रचनेच्या कागदावर सही मागण्यासाठी बँकेचा माणूस अजून यायचाच असेल, तर जामीनदाराच्या हाती सर्वात मोठी ताकद आहे ती त्याच क्षणी. सही करण्याआधी आजची बाकी, नवी मर्यादा आणि तारणांची यादी लेखी मागावी. सही करायचीच ठरली, तर हमीची रक्कम आकड्यात व अक्षरात बांधून घ्यावी, ‘यापुढील कोणत्याही बदलास माझी लेखी पूर्वसंमती आवश्यक राहील’ हे वाक्य घालून घ्यावे आणि सहीशेजारी तारीख स्वतःच्या हाताने लिहून प्रत त्याच दिवशी ताब्यात घ्यावी.